जास्तीची गोणी

जगाची ग्रंथराजधानी कोणतं शहर होणार, हे दरवर्षी कोणीतरी ठरवतं. कोण ठरवतं, कुठे बसून ठरवतं, या लोकांना निवडून कोणी दिलं, असे प्रश्न मी बावीस वर्षांची असताना भेटेल त्याला विचारत होते. हबीबचाचांनी एकच विचारला.

"फारम कुठी भेटते?"

हबीबचाचा धानोऱ्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल होते, चिटणीस होते, शिपाई होते आणि बुकबाइंडरही होते. चारही पदं बिनपगारी. पोटासाठी ते उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शीचं काम करत. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. जंगलातून तोडून आणलेल्या पानांचे पुडे लोक तिथे ओळीने मांडतात, मुन्शी मोजून घेतो, पुडे उन्हात वाळतात, मग गोण्यांत भरून ट्रकवर चढतात आणि कुठल्यातरी विडी कारखान्याकडे जातात. एका पुड्यात सत्तर पानं. पंचवीस उन्हाळे सत्तर-सत्तर मोजल्यावर माणसाचं काय होतं, ते बघायला हबीबचाचांकडे जायला हवं होतं. वाचनालयातली पुस्तकं त्यांनी सत्तरच्या गठ्ठ्यांत लावली होती. विषय, लेखक, अनुक्रमांक, काही नाही. "तिसरा पुडा, वरून बारावं," असं सांगायचे आणि तिथे ते पुस्तक असायचं. वय सांगतानाही तेच. त्यांचे वडील पुडा पुरा करून वर नऊ पानं जगले होते.

बारीक अंग, बाह्यांना बटण नसलेला पांढरा शर्ट, चष्म्याची एक काडी सुतळीची. उजव्या अंगठ्याचं नख पानाच्या चिकाने कायमचं काळं पडलेलं. तो अंगठा हे त्यांचं मुख्य हत्यार होतं. पुडा हातात आला की अंगठा सर्रकन फिरायचा आणि फाटकं, भोकाचं, कवळं पान आपोआप बाहेर यायचं. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकालाही तीच वागणूक. वाचक समोर उभा, चाचा अंगठा फिरवतात, थांबतात आणि म्हणतात, "एकशे बाराव्या पानावर भाजी सांडली तुमची. वांग्याची हाये."

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. हातात आलेली कुठलीही वस्तू ते मधून उघडत. लोक खराब पान पुड्याच्या मध्ये लपवतात, वरचं आणि खालचं पान सगळ्यांचंच चांगलं असतं, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण. त्यामुळे पुस्तक मधून वाचायचं, पेपर मधून वाचायचा, निवडणुकीचा जाहीरनामा मधून वाचायचा. भाचीसाठी स्थळ बघायला मूल या गावी गेले तेव्हा तिघा भावांपैकी मधल्याशी दोन तास बोलून परत आले. नवरदेव थोरला होता. लग्न झालं, आणि चांगलं निघालं, असं ते सांगत.

आमची ओळख भांडणातून झाली. भद्रावतीची कॉलनी सोडून मी नुकतीच संघटनेच्या कामाला धानोऱ्यात आले होते आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या हक्कांचं चार पानी पत्रक वाटत फिरत होते. रात्रभर जागून लिहिलेलं. चाचांनी ते मधून उघडलं, वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"वरचं पान चांगलं हाये बाई. मधी पाला हाये."

मी अर्धा तास तावातावाने बोलले. व्यवस्था काढली, शोषण काढलं, त्यांनाही मुन्शी म्हणून व्यवस्थेचा हस्तक ठरवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग काळ्या नखाने पत्रकावर मोजून दाखवलं की एका पानात चौदा उद्गारचिन्हं आहेत. "एवढ्या काड्या काऊन उभ्या केल्या? माणसाले वाटते, कुंपण हाये. वापस जाते." मी त्याच दिवशी वाचनालयाची सभासद झाले. त्यानंतर आजवर माझ्या पत्रकात एका वेळी दोनाहून जास्त काड्या उभ्या राहिलेल्या नाहीत.

वाचनालय होतं सहकारी सोसायटीच्या जुन्या गोदामात. जाड भिंती, पत्र्याचं छप्पर, उंच ओटा. उधई, म्हणजे वाळवी, चढत नाही, पाणी शिरत नाही. तालुक्यात पुस्तकांना राहण्यालायक ती एकच जागा होती आणि सोसायटीचे अध्यक्ष गोपाळभाऊ यांना तिथे सिमेंट ठेवायचं होतं. गोपाळभाऊ वाईट माणूस नव्हते, असं चाचा म्हणत. माझं मत मी पत्रकात छापलं होतं. सोसायटीच्या सभेत गोपाळभाऊ उभे राहिले आणि म्हणाले की या लायब्ररीला गावाबाहेरचा कोण विचारतो ते दाखवा. गावाबाहेरच्या एका तरी हापिसानं हिची दखल घेतल्याचा कागद आणा, शिक्क्याचा. पोळ्यापर्यंत आणा. नाही आणला तर पुस्तकं तुमच्या घरी न्या. चाचांच्या घरी दोन खोल्या होत्या आणि त्यात सात माणसं.

यानंतर आठवड्याभराने चाचांना पेपरच्या मधल्या पानावर ती चार ओळींची बातमी सापडली. कोणतीशी जागतिक संस्था दरवर्षी एका शहराला ग्रंथराजधानी म्हणून निवडते. कोणतंही शहर अर्ज करू शकतं.

फारम मी नागपूरहून आणला, एका सायबर कॅफेतून छापून. अकरा पानं, इंग्रजी. धानोऱ्याला परत येईपर्यंत मी ती बसमध्ये तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा संतापले. सर्वात जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ किती अंतरावर आहे? तारांकित हॉटेलांत एकूण खाटा किती? शहराच्या महापौरांचं पत्र जोडा. पुस्तकांचा आणि विमानाचा संबंध काय, हे कोणी विचारायला नको? जिथे विमान उतरत नाही तिथली माणसं वाचत नाहीत का? मी म्हटलं, आपण या फारमचाच निषेध करू. चाचा म्हणाले, "निषेध मंग करू. आंधी भरू."

आम्ही तो महिनाभर भरला. मी भाषांतर करून प्रश्न सांगायचे, चाचा उत्तर द्यायचे, मी इंग्रजीत उतरवायचे.

पहिली अडचण पहिल्याच रकान्यात आली. धानोरा शहर आहे का? ग्रामपंचायत असलेल्या गावाला शहर कसं म्हणायचं? चाचांनी अर्धा दिवस विचार केला आणि व्याख्या दिली. "जिथी ड्रायवर अन् कंडक्टर दोघंबी उतरून जेवतेत ते शहर. जिथी एकटा ड्रायवर मुताले उतरते ते गाव." धानोऱ्यात दोघंही जेवतात. मी 'शहर' लिहिलं.

विमानतळ. "लिहा, विमान रोज वरून जाते. उतरत नाई, त्याची मर्जी."

खाटा. विश्रामगृहाचे दोन सूट, तेही साहेब आले नाहीत तर. चाचा सायकलवर निघाले आणि पाहुण्यांसाठी उन्हाळ्यात अंगणात टाकता येतील अशा बाजा मोजत घरोघर फिरले. चार पुडे भरले, वर अकरा. मी दोनशे एक्क्याण्णव लिहिलं. शेवटी टीप: आकाश मोफत.

महापौरांच्या जागी सरपंचबाईंचं पत्र जोडलं. त्यांनी सही करण्याआधी एवढंच विचारलं की राजधानी झाल्यावर नळाला पाणी येईल का. चाचा खोटं बोलत नसत. म्हणाले, "पाणी नाई येणार बाई, पण पाणी नाई हे जगाले मालूम होईन." सही झाली.

मग आला वारशाचा रकाना: शहराशी निगडित थोर लेखक. मी गोंधळले. मोठी नावं शोधू लागले, चंद्रपूरला कोणी होतं का, गडचिरोलीला कोणी येऊन गेलं का. चाचांनी तहसीलसमोर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीस काशिनाथचं नाव सांगितलं. मी हसले. ते हसले नाहीत. "तालुक्यात सगळ्यात जास्त लिवलं कोनं? त्यानं. तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यायनं वाचलं. उत्तर कोनी नाई देल्लं, तो भाग वेगळा. मोठ्या लेखकायलेबी वाचक कुठी उत्तर देतेत?" काशिनाथ लेखक म्हणून फारममध्ये गेला. त्याचा फोटो जोडायला सांगितला होता, तर तो फोटो काढायला कोट घालून आला. कोट कोर्टाच्या बेलिफाचा होता.

शेवटची अट लोकसहभागाची होती. वाचकांचा पाठिंबा सिद्ध करा. तोवर मे उजाडला होता आणि अख्खा तालुका फळीवर यायला लागला होता. चाचांनी फळीच्या कोपऱ्यात एक टेबल टाकलं. पुडे मोजून झाले की प्रत्येकाने एका कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा आणि शेजारी आपल्या आठवणीतली एक गोष्ट, एक म्हण, एक गाणं, काहीही सांगायचं. मी लिहून घ्यायचे. गोंडीतलं सांगितलं तर गोंडीतच, मला जमेल तसं. एका म्हातारीने नवऱ्याला दिलेली शिवी सांगितली आणि तीच लिही म्हणाली, कारण आठवणीत तेवढंच शिल्लक आहे. असे कागद जमले. चाचांनी ते सत्तर-सत्तरचे लावले, प्रत्येक पुड्यावर अंगठा फिरवला, कोरे कागद बाहेर काढले आणि सालीच्या दोरीने बांधले. एवढं सगळं लिफाफ्यात मावेना. म्हणून ते एका रिकाम्या गोणीत भरलं, वर फारम ठेवला, गोणीचं तोंड शिवलं. मुदत संपायला नऊ दिवस होते. गडचिरोलीच्या मोठ्या पोस्टातून पार्सल करायचं ठरलं. चाचा म्हणाले, फळीचा ट्रक उद्या सकाळी गडचिरोलीवरूनच जातो, मी सोबत जाऊन पोस्टात देतो.

सकाळी ट्रक गेला. दुपारी बातमी आली की वनखात्याच्या नाक्यावर अडकला.

तेंदूपत्त्याच्या ट्रकसोबत वाहतुकीचा परवाना असतो आणि त्यावर गोण्यांचा आकडा असतो. परवान्यावर दोनशे दहा होत्या, तीन पुडे. नाक्यावर मोजल्या तेव्हा दोनशे अकरा भरल्या. एक गोणी जास्त, म्हणजे चोरटी वाहतूक. गार्डने ती उघडली. आत पान नाही, कागद. जंगलाच्या रस्त्यावर, गोणीत लपवलेले, काही इंग्रजी, काही कुठल्या भाषेतले ते गार्डला कळेना. काही कागदांवर नुसते अंगठे. आमच्या जिल्ह्यात अशा कागदांना त्या वर्षांत काय समजत, ते सांगायला नको. गार्ड गोणीपासून चार पावलं मागे सरला आणि त्याने रेंजरसाहेबांना बोलावलं.

मी सायकल हाणत नाक्यावर पोचले तेव्हा पंचनामा चालू होता. रेंजरसाहेब खुर्चीत, चाचा समोर उभे, मध्ये गोणी.

"हे काय हाये चाचा?"

"अर्ज हाये सायेब."

"कशाचा?"

"राजधानीचा."

रेंजरसाहेब गोणीवर वाकले. मग त्यांनी फारम उचलला, इंग्रजी वाचलं, संस्थेचं नाव वाचलं आणि खुर्चीत जरा सावरून बसले. त्यांना दोन्हीकडून भीती होती. सोडावी तर परवान्यापेक्षा जास्त गोणी सोडल्याचा ठपका. ठेवून घ्यावी आणि ती कार्यालयाच्या गळक्या शेडमध्ये भिजली, तर उद्या परदेशातून विचारणा. त्यांनी जप्ती केली. पंचनाम्यात लिहिलं: तेंदूपत्ता मिळून आला नाही, दोरीने बांधलेले कागदाचे पुडे मिळून आले, एक पुडा मोजला असता सत्तर कागद भरले, मजकूर मौल्यवान दिसून येतो.

मी तिथे, सगळ्यांसमोर, चाचांवर ओरडले. पंचवीस वर्षांत तुमची एक गोणी इकडची तिकडे झाली नाही आणि नेमकी हीच? परवान्यात नोंद करायची एवढंही सुचलं नाही? मुदत आठ दिवसांवर आली, जप्ती सुटायला वर्षं जातील. म्हातारीची शिवी गेली, काशिनाथचा कोट गेला, सगळ्यांच्या सह्या गेल्या. चाचांनी मान खाली घातली होती.

"चूक झाली बाई," ते म्हणाले. एवढंच.

गोणीचं तोंड पुन्हा शिवून लाखेचा शिक्का मारला गेला. आता ती ठेवायची कुठे? कार्यालयाच्या आवारात जप्तीचं सागवान होतं, बिनचाकांची जीप होती, कोरडी जागा नव्हती. मग सुपुर्दनामा झाला, म्हणजे जप्त मालाचा ताबा जबाबदार माणसाकडे द्यायचा आणि मागू तेव्हा हजर करायचा. जबाबदार माणूस म्हणून पंचक्रोशीत एकच नाव होतं. कागद असा झाला: गोणी क्रमांक २११, धानोरा ग्रंथराजधानी अर्ज, सार्वजनिक वाचनालय, सोसायटीचे गोदाम, येथे अंतिम आदेश होईपर्यंत जशीच्या तशी ठेवावी, सदर जागेत कोणताही फेरबदल करू नये. गोल शिक्का. जावक क्रमांक.

अर्ज कुठेच गेला नाही. ग्रंथराजधानी दुसरंच एक शहर झालं. मी ते पेपरात वाचलं. तिथे विमानतळ होता.

पोळा झाला, आणि लेकरांच्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोपाळभाऊ ट्रॅक्टर घेऊन गोदामाशी आले. ट्रॉलीत सिमेंट, सोबत दोन मजूर. मी दारात आडवी पडायच्या तयारीने आले होते, घोषणा तयार होत्या. चाचांनी मला बाजूला बसवलं आणि गोपाळभाऊंच्या हातात सुपुर्दनामा दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग आत गेले. गोणी पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या बरोबर मधोमध उभी होती, लाल लाखेचा टिळा लावून.

"चाचा, म्या कागद मांगतला होता. जप्तीचा नाई."

"गावाबाहेरच्या हापिसाचा मांगतला होता भाऊ. नाका गावाबाहेर हाये."

"अन् याचा निकाल कधी लागन?"

चाचांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. "रेंजात सागवानाची एक केस हाये. लाकूड उधईनं खाऊन संपवलं. केस चालू हाये."

गोपाळभाऊ ओट्यावर बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर इकडे तिकडे बघत त्यांनी विचारलं की शेतीच्या औषधांचं एखादं पुस्तक आहे का. "दुसरा पुडा," चाचा म्हणाले, "वरून चाळिसावं." सिमेंट परत गेलं.

हे लोक हसत हसत सांगत. पुढच्या उन्हाळ्यात ठेकेदाराने चाचांना फळीवर घेतलं नाही, हे कोणी सांगत नसे. ज्याच्या नावावर जास्तीची गोणी लागली तो मुन्शी कोणाला हवा? त्यांच्या जागी मूलचा एक जण आला. त्याला पुडा अंगठ्याने मोजता येत नव्हता. चाचा तहसीलची फाटकी रजिस्टरं बांधून देऊ लागले. त्या दिवसांत मी त्यांना म्हणाले होते की आपण ठेकेदाराविरुद्ध पत्रक काढू. "काढा," म्हणाले, "पण माहं नाव नका टाकू. चूक माही होती."

पुढे मी धानोरा सोडलं, आणि सहा-सात वर्षांनी मुरूमगावला जाताना तिथे उतरले. मे महिना, ऐन दुपार. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही जेवायला गेले होते. मी गोदामामागे गेले तर मोकळ्या जागेत पुस्तकं वाळत होती. ओळीने, पुड्यांसारखी, मध्ये चालायला जागा सोडून. डोक्याला ओला गमछा बांधून चाचा एकेक पुस्तक पालथं करत होते. गोणी दाराच्या उंबऱ्याच्या आत होती, पण बरोबर तिथे, जिथे दाराचं ऊन पडतं. जागेत फेरबदल नव्हता. लाख वितळू नये म्हणून शिक्क्यावर सावली धरेल असं पळसाचं पान चाचांनी काडीने लावलं होतं.

जप्तीच्या कागदांची फाइलही उन्हात होती. त्यांनी ती मला धरायला दिली. वारं सुटलं होतं. मी ती उघडली. का कोण जाणे, मधून उघडली. पंचनाम्याची पानं तीन. पहिल्यावर माल, शेवटच्यावर सह्या, हे मी नाक्यावर तेव्हाच पाहिलं होतं. मधल्या पानावर गार्डचं बयान होतं, वाकड्या अक्षरात: "ट्रक नेहमीचा असल्याने मी गोण्या न मोजता सोडत होतो. ट्रकसोबतच्या मुन्शीने स्वतः खाली उतरून सांगितले की एक गोणी जास्त आहे, मोजून घ्या."

मी फाइल मिटली. चाचा पाठमोरे होते.

"वरचं पान पाह्यलं का बाई?" त्यांनी तसंच विचारलं.

"वरचंच पाहिलं."

"चांगलं हाये न?"

"चांगलं आहे चाचा."

त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पुढच्या ओळीतलं पुस्तक पालथं केलं.